आप्पा, तुमच्या बर्फाबद्दल

आप्पा, तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि मला तुमच्याशी बर्फाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "डाक्टरीणबाई, पयले च्या तर घ्या." चहा झालाय. तुमच्या मंडळींनी, अक्कांनीच दिला. आता ऐका.

तुमच्याबद्दल बोलायला शोकसभेत पुष्कळ जण उभे राहिले. जनावरांच्या दवाखान्यातली नोकरी, सायकलवरून गावोगाव फिरून कृत्रिम रेतनानं भरवलेल्या गाई-म्हशी, निवृत्तीनंतर घरी न बसता हरणांच्या कामाला लागणं, सगळं निघालं. मलाही बोला म्हणाले. मी नकारार्थी मान हलवली. लोकांना वाटलं, बाईला रडू आवरत नाही. रडू येतच होतं, खोटं कशाला बोलू. पण मी गप्प बसले ती भीतीनं. तोंड उघडलं असतं तर बर्फाचंच आधी बाहेर पडलं असतं.

आपली पहिली भेट आठवते का? मी नांदेडहून कागदांची थप्पी घेऊन तुमच्या ओट्यावर बसले होते आणि तुम्हाला समजावून सांगत होते. मुखेड आणि जळकोटच्या मधल्या माळावरचा काळविटांचा कळप दरवर्षी लहान होत चाललाय. रस्ता रुंद झाला, तारेची कुंपणं आली, बाहेरचा नर आत येईना. उद्या कळप संपलाच तर निदान त्याचं बीज हाती असावं, म्हणून नराचं रेत गोठवून ठेवायचं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि शांतपणे विचारलंत, "ते समदं खरं. पण काळविटाला धरणार कोण?" मी म्हटलं, जिवंताला हात लावायचाच नाही, ते धास्तीनंच जीव सोडतं. गाडीखाली आलेलं, विहिरीत पडलेलं, कुत्र्यांनी गाठलेलं, अशा मेलेल्या नराचं घ्यायचं. मेल्यावरही काही तास आतलं रेत जितं असतं. मग तुम्ही म्हणालात, "म्हंजे बियाणं राखून ठेवायचं. मंग तसं सांगा की, खामखा एवढे कागद कशाला आणले?"

पुढं जे उभं राहिलं ते तुमच्यामुळे. नऊ गावं तुम्ही या कामाला बांधलीत. प्रत्येक गावात एक-दोन माणसं अशी, की काळवीट मेलेलं दिसलं की आधी वनरक्षकाला फोन आणि लगेच तुम्हाला. पंचनामा होईपर्यंत कुणी शिवायचं नाही, पण सावली मात्र धरायची, हा नियम तुमचा. माझ्या कागदात तो नव्हता. भर उन्हात डांबरावर पडलेल्या हरणावर चार माणसं धोतराची चार टोकं धरून उभी आहेत, हे मी पहिल्यांदा फोटोत पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर ध्यानात आलं की अंगातली ऊब वाढली की रेत नासतं, आणि तुम्ही ते माझ्याआधी ओळखलं होतं. मी तुम्हाला तसं कधी म्हटलं नाही. तुमच्याशी भांडण चालू असताना तुमचं कौतुक करायचं म्हणजे मला जड जायचं.

आणि भांडण तर कायमचंच होतं. सरकारी पशुवैद्यकीय डॉक्टरांनी शवविच्छेदन करून वृषणं काढून दिली की ती पिशवीत घालून, मी दिलेल्या निळ्या थंड जेलच्या पिशव्यांच्या डब्यात बसवायची आणि जीपनं माझ्याकडे पाठवायची, एवढं काम तुमचं. दोन-अडीच तासांत डबा माझ्या टेबलावर. मी मायक्रोस्कोपखाली बघायची आणि तोंड पाडून बसायची. नमुन्यामागून नमुना मेलेला. एखाद-दुसरा जंतू जागच्या जागी थरथरायचा, बाकी सगळे पडलेले, आणि शेपट्या मुडपलेल्या, वळून गोल झालेल्या. तुम्ही संध्याकाळी फोन करायचात, "कसं निघालं?" मी म्हणायची, "नेहमीसारखंच."

कारणं शोधण्यात आपण दोन वर्षं घालवली. मी म्हणायची, उशीर होतोय, पंचनाम्यात वेळ जातो. तुम्ही म्हणायचात, सोयाबीनवर जे फवारतात ते खाऊन हरणं बसलीत. मी म्हणायची, उन्हाळा. तुम्ही म्हणायचात, "उन्हाळा काय आज आलाय का? हरणं काय सिमल्याहून आलेत?" कुत्र्यांनी पळवून मारलेल्या नराचं वेगळं लिहा आणि गाडीनं एका झटक्यात गेलेल्याचं वेगळं लिहा, असा हट्ट तुम्ही धरलात. मी लिहीत गेले, पण दोन्हींच्या शेपट्या सारख्याच मुडपलेल्या.

शेवटी मी मला पटलेलं कारण अहवालात लिहिलं. कळप कोंडला गेलाय, नात्यातल्या नात्यात वीण होतेय, त्यामुळे नरांचं रेत खालावलंय. पुस्तकात बसत होतं. माझ्या वरिष्ठांना पटलं. तुम्हाला मी ते मराठीत वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसलात आणि म्हणालात, "म्हंजे आमच्या हरणाला नामर्द म्हणून राहिल्या का तुमी?" मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "मी रोज बघतो त्यानला," तुम्ही म्हणालात. "गुदस्त बारा पाडसं व्हती, औंदा चौदा. नामर्दाला व्हतात व्हय? हरणात खोट न्हाई, डाक्टरीणबाई. खोट आपल्या हातात हाय. हुडका."

मी हुडकली नाही. मला तुमचा राग आला होता. चाळीस वर्षं गाई भरवलेला माणूस मला जनुकं शिकवणार, असं मनात आलं होतं. आज ते लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

आता ते आषाढातलं काळवीट. मुखेडच्या अलीकडे विहिरीत पडलेलं, माळाचा एक कोपरा धरून बसलेला थोरला काळा नर. तुम्ही स्वतः जीपमध्ये बसून आलात, मांडीवर डबा. उतरतानाच म्हणालात, "माफ करा, आज बर्फ मिळाला न्हाई. रसवंती बंद, लाईट न्हाई, मुखेडातबी कुटं न्हाई. वल्या फडक्यात गुंडाळून आणलंय. जाऊ द्या, ह्यो बी गेलाच." तुमचा चेहरा असा उतरला होता की मी तुम्हाला आधी पाणी दिलं.

मग मी काचेवर थेंब घेतला आणि डोळा लावला. आप्पा, मी इतकी वर्षं हे काम करते, पण तसं कधी पाहिलं नव्हतं. काच जिवंत झाली होती. सगळं पळत होतं, सरळ, सुसाट, शेपट्या ताठ. मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही वाकून बघितलंत, बराच वेळ बघितलंत आणि फक्त "हाव" म्हणालात. मग बाहेर जाऊन जीपच्या टपावर थाप मारलीत. तुमचं म्हणणं खरं ठरलं याचा तुम्हाला इतका आनंद झाला होता, की हेच का चांगलं निघालं हा प्रश्न तुम्हाला पडलाच नाही. तुमच्या मते थोरला नर होता म्हणून. मला मात्र तो प्रश्न पडला.

तुम्ही हातपाय धुवायला गेलात तेव्हा मी जीपच्या ड्रायव्हरला विचारलं, एरवी डबा कसा भरतात. तो म्हणाला, "आप्पा लई काळजी घेतेत, म्याडम. तुमच्या त्या निळ्या थंड पिशव्या काढून ठेवतेत, त्या लगी नरम पडतेत म्हणून. रसवंतीवाल्याकडून बर्फ फोडून आणतेत आन् त्येच्यात पुरतेत. वरून दिसू बी नये इतका बर्फ. नांदेड आलं की पाणी काढून, समदं पुसून तुमच्या पिशव्या परत घालतेत, डबा नीट दिसावा म्हणून."

म्हणजे दोन वर्षं मला डबा दिसत होता तो निळ्या पिशव्यांचा, नीटनेटका. आणि वाटेत दोन-अडीच तास ती पिशवी फोडलेल्या बर्फात गाडलेली. ताजं रेत हळूहळू गार करावं लागतं. एकदम बर्फ लागला की त्याला धक्का बसतो, ते मरतं. त्यात बर्फाचं पाणी पिशवीत झिरपलं की शेपट्या मुडपतात. पिशवीतला तो ओलावा मला अवयवाचाच वाटत आला होता. त्या शेपट्या मी दोन वर्षं पाहिल्या आणि त्यांना आतेमामेभावंडांच्या लग्नाचं कारण लावलं.

तुम्ही असं का केलंत, हे मला लगेच समजलं. तुमचा सगळा जन्म नायट्रोजनच्या टाकीशेजारी गेला. गाईच्या रेताची कांडी त्या टाकीत उणे एकशे शहाण्णव अंशांवर वर्षानुवर्षं पडून असते आणि बाहेर काढून कोमट पाण्यात धरली की उठून कामाला लागते, हे तुम्ही हजार वेळा केलेलं. रेताला गारठा मानवतो, जितका जास्त तितका बरा, हे तुमच्या हाताला पक्कं झालेलं. पण त्या कांडीत अंड्याचा बलक असतो, ग्लिसरीन असतं, तिला आधी पायरीपायरीनं गार केलेलं असतं. ते काम कारखान्यात व्हायचं. तुमच्यापर्यंत यायची ती तयार कांडी. ज्यानं गारठ्याला आयुष्यभर विश्वासानं हाताळलं, त्याच माणसाकडून ही चूक होऊ शकते. आणि ज्या बाईनं दोन वर्षांत एकदाही डबा भरताना समोर उभं राहायची तसदी घेतली नाही, तिच्याच नजरेतून ती सुटू शकते.

मी तरी खात्री करून घेतली. खाटकाकडून बोकडाची वृषणं आणली, एक बर्फात पुरलं, एक ओल्या फडक्यात गुंडाळून निळ्या पिशवीपासून अंतर राखून ठेवलं. पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच. खोट आपल्या हातात होती. तुमच्या हातात, आणि माझ्या न बघण्यात.

आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. मला कळल्यापासून तुम्ही जाईपर्यंत अकरा दिवस गेले. त्यात तुम्ही तीन वेळा फोन केलात. "अहवाल बदलला का?" विचारलंत. मी म्हटलं, "बघते, आप्पा." मनात ठरवलं होतं, समोरासमोर सांगेन, हळूच सांगेन, तुम्हाला लागणार नाही असं. खरं म्हणजे मला तुमचा चेहरा बघायचा नव्हता. ज्या हरणांची बाजू तुम्ही घेत होतात त्यांचं बी तुमच्याच बर्फानं मारलं, हे तुम्हाला सांगणार कोण? मग एका सकाळी तुम्ही गोठ्यात वैरण टाकताना खाली बसलात ते उठलाच नाहीत. लिंगायत रिवाजाप्रमाणे तुम्हाला बसवून नेलं, कपाळाला विभूती, मांडी घातलेली, जणू ओट्यावर कुणाचं ऐकत बसलाय. मी मागून चालत होते आणि तेव्हाही माझ्या डोक्यात बर्फच होता.

अहवाल मी मागे घेतला, आप्पा. लेखी दिलं की निष्कर्ष चुकीचा होता, नमुने वाहतुकीत बिघडले, जबाबदारी माझी. साहेब म्हणाले, स्वतःच्या पायावर कशाला धोंडा पाडून घेता. मी म्हटलं, पडू दे. तेव्हा ते म्हणाले, ठीक आहे, हा कळप संवर्धनाच्या यादीत ठेवतो, पण फाल्गुनापर्यंत चांगले नमुने दाखवा. नाही दाखवलेत तर नाव काढलं. एका चांगल्या नमुन्यावर कळप राखायला पैसा कुणी देत नाही, हे मलाही कळतं.

मग परवा, तुम्ही गेल्यावरचा पहिला डबा आला. जळकोटच्या बाजूचा तरणा नर, गाडीखाली आलेला. दोघं जण डबा घेऊन स्वतः आले, हात जोडून म्हणाले, "आप्पा सांगून गेलेत तसंच केलंय, म्याडम. उलट जास्तीच घातलाय बर्फ. त्येंची आठवण म्हणून." उघडलं तर नुसता बर्फ. बर्फाखाली पिशवी, पिशवीत पाणी. मी बघायच्या आधीच मला ठाऊक होतं. आणि तरी मी त्यांना काय म्हटलं असेल? "चांगलं केलंत." दुसऱ्यांदा तोंड मिटलं. ते गेल्यावर मी टेबलावर डोकं टेकवून बसले आणि स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या. तुमची गावं तुमचं ऐकतात. तुम्ही नाही म्हणून आता जास्त ऐकतात. मी आणखी एक महिना गप्प बसले तर फाल्गुनापर्यंत कळपाचं नाव यादीतून जाणार, आणि ते तुमच्या आठवणीनंच जाणार.

म्हणून आज सकाळी अक्कांकडे आले. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्येनला कळलं व्हतं?"

"नाही, अक्का."

"तुमाला कवा कळलं?"

मी सांगितलं. तेव्हा सूप थांबलं.

"अकरा दिस," अक्का म्हणाल्या. "अकरा दिस तुमी त्येनला सांगितलं न्हाई. का, तर वाईट वाटंल म्हणून. वाटलं असतं की! न वाटायला काय झालं? जेवले नसते दोन दिस. पर तिसऱ्या दिशी उठून निघाले असते समद्या गावाला सांगायला." मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी तुम्ही मला कधी सांगितली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी तुम्ही एक गाभण गाय माजावर आहे समजून पुन्हा भरवलीत आणि ती गाभडली, पोटातलं वासरू गेलं. कुणाला कळलं नव्हतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी आपल्या दावणीची कालवड सोडून त्या माणसाच्या दारात नेऊन बांधलीत, आणि पुढं जो कोणी नवा माणूस हाताखाली आला त्याला पहिल्याच दिवशी स्वतःची ती चूक सांगितलीत. "त्येंची चूक त्येंची व्हती," अक्का म्हणाल्या. "ती सुधारायचा हक बी त्येंचाच व्हता. तुमी खाल्ला त्यो."

तुमच्यावर माया म्हणून मी जे झाकून ठेवलं, त्यानं तुमचा शेवटचा एक फेरा चुकला. नऊ गावांचा. क्षमा मागायची तर कुणाची मागू, म्हणून इथं तुमची मागते.

मी अक्कांना म्हटलं, आता मी गावांत जाऊन सांगते की कागदातली पद्धत बदलली, नवीन आदेश आलाय, आप्पांचं नाव मध्ये आणत नाही. अक्कांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की चाळीस वर्षं तुम्ही त्या नजरेपुढं कसे टिकलात कुणास ठाऊक. "आदेश कोण ऐकतंय? आप्पानं सांगितलंय म्हणतील आन् बर्फच घालतील. त्येंचंच नाव घ्या. आप्पाची चूक झाली म्हणून सांगा. थांबा, मी बी येते." आणि सूप भिंतीला उभं करून पदर खोचून त्या जीपमध्ये येऊन बसल्या.

पहिल्या गावात ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात वीसेक माणसं जमली. मी उभी राहिले आणि म्हणाले, आप्पांची चूक झाली. बर्फात पुरायचं नव्हतं. मग तुमचे ते दोस्त, हरणाच्या सावलीसाठी स्वतःचं धोतर सोडून देणारे पाटील, ताडकन उठले. "मेल्या माणसाला नावं ठेवायला आलाव व्हय, बाई? तुमाला काम जमंना, आन् आमच्या आप्पावर ढकलून राहिल्या?" दोघं-तिघं त्यांच्या मागे उठले. मी अक्कांकडे बघितलं. त्या उठल्या नाहीत, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मीच आणलंय तिला. त्येंची चूक हाय. म्या सांगून राहिले."

पाटील तसेच उभे राहिले. मी त्यांना बोकडांचं सांगितलं, शेपट्यांचं सांगितलं, आषाढातल्या त्या थोरल्या नराचं आणि ओल्या फडक्याचं सांगितलं. तुम्ही डोळा लावून "हाव" म्हणालात तेही सांगितलं. आणि मग मी ते सांगितलं जे अक्कांनाच काय ते ठाऊक होतं, की आप्पा जायच्या अकरा दिवस आधी मला कळलं होतं आणि मी आप्पांना बोलले नाही. आता सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्या नजरा गोड नव्हत्या. मला ते चाललं. पाटलांनी खांद्यावरचा पंचा काढला. व्हरांड्यातल्या नळाखाली धरला आणि माझ्यापुढं आणला.

"किती पिळायचा," त्यांनी विचारलं, "ते दावा."

मी दाखवला. मग त्यांच्याकडून करून घेतला, मग बाकीच्यांकडून, एकेकाकडून, हात धरून, पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत. आठ गावं राहिली आहेत, आप्पा. सगळीकडे तुमची चूक सांगणार आहे, तुमच्या नावानिशी, आणि तिच्या मागोमाग माझी.